सव्वीस आठवडे आणि खिळ्याला टांगलेली वही

गेल्या रविवारी शेजारच्या तालुक्यातल्या एका नव्या सीएचओ मुलीचा फोन आला. सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. तिच्या उपकेंद्राच्या हद्दीत पहिल्यांदाच डीआर-टीबीचा, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा रुग्ण निघाला होता. "मॅडम, मला यातलं काहीच येत नाही. माझ्या हातून काही चुकलं तर?" जूनमध्ये मीही अशीच हादरले होते. तिच्याशी तासभर बोलले, पण बरंच सांगायचं राहून गेलं, म्हणून हे सगळं सलग लिहून काढतेय. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या ताईंना विचारून लिहितेय. नाव-गाव देणार नाही. आमचा भाग बालाघाटच्या डोंगरातला, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा, एवढं पुरे.

मी बीएस्सी नर्सिंग करून सहा महिन्यांचा कोर्स केला आणि या उपकेंद्रात आले, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. इथल्या सिस्टर, म्हणजे आरोग्य सेविका, बावीस वर्षं नोकरीत. मी वयाने त्यांच्या मुलीएवढी, आणि पाटीवर पद 'अधिकारी'. पहिलं वर्ष आमचं तुटकच चाललं. भांडण कधी झालं नाही, पण त्या त्यांची रजिस्टरं लिहायच्या, मी माझ्या टॅबवर भरायचे, आणि एकाच घरी एकाच आठवड्यात दोघी वेगवेगळ्या जाऊन यायचो. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "मॅडम, टॅब तुमचा, गाव माझं." मला तेव्हा ते लागलं होतं.

३ जून २०२५, मंगळवार. आशाताई दुपारी आल्या आणि म्हणाल्या, "वस्तीवरची एक बाई कारखान्यावरून आल्यापासून खोकतीय. आज हंडा आणताना वाटेत दोनदा खाली बसली." ताई तिशीच्या. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जातो. एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आल्या त्या खोकला घेऊनच. कारखान्याजवळ आणि मग बाजाराच्या गावी दोन-तीन डॉक्टर झाले होते, सलाइनं झाली होती, पाच हजारांच्या वर पैसे गेले होते. थुंकी मात्र कोणी तपासली नव्हती. वजन केलं तर ३६ किलो.

पहिली चूक माझी. मी डबी हातात दिली आणि "सकाळची थुंकी आणा" म्हणाले. त्यांनी थुंकी आणली. लॅबमधून निरोप आला, नमुन्यात नुसती लाळ आहे, परत पाठवा. दोन दिवस गेले. दुसऱ्या वेळी सिस्टर माझ्याबरोबर आल्या. त्यांनी ताईंना अंगणात नेलं, चूळ भरायला लावली, तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावला आणि स्वतः पोटावर हात ठेवून दाखवलं, "इथनं खोकायचं, घशातनं न्हाई. बेडका पाहिजे बाई, लाळ नको." चिकट, पिवळसर नमुना आला. तेव्हापासून मी 'थुंकी' हा शब्दच सोडून दिलाय. तुम्हीही बेडका म्हणा. नमुना मोकळ्या हवेत घ्या आणि डबीच्या अंगावर नाव लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

९ जूनला दुपारी चारला ग्रामीण रुग्णालयातल्या लॅब टेक्निशियन सरांचा फोन आला. ट्रूनॅट या तपासणी यंत्रावर टीबीचे जंतू सापडले होते, म्हणून त्यांनी रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाची चिप लावली, आणि रेझिस्टन्स निघाला होता, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. ते म्हणाले, "निक्षयवर टाकतोच आहे, पण तुम्ही पोर्टल कधी उघडाल म्हणून फोन केला." निक्षय म्हणजे टीबी रुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल. त्या एका फोनने आमचे किती दिवस वाचले असतील कोण जाणे. मी लगेच पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडमना कळवलं, त्यांनी एसटीएस दादांना, म्हणजे तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकांना. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मोटारसायकलवर नमुन्याची पेटी घेऊन हजर. आणखी एक बेडका संदर्भ प्रयोगशाळेत गेला, बाकी कोणत्या औषधांना जंतू दाद देत नाहीत ते बघायला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजात एमडीआर-टीबीवर, म्हणजे अशाच दाद न देणाऱ्या टीबीवर, मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, त्यात इंजेक्शनं होती आणि अठरा ते वीस महिने होते. आता तसं राहिलेलं नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने बीपाल-एम या उपचाराला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधं, सगळी तोंडाने घ्यायची, सव्वीस आठवडे. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेक औषध काय करू शकतं ते एमओ मॅडमनी कागदावर लिहून दिलं. बेडाक्विलिन आणि मॉक्सीने ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं, म्हणजे हृदयाची लय बिघडू शकते. लिनेझोलिडने रक्त कमी होतं, पायाच्या नसा आणि डोळ्याची नस दुखावते. प्रेटोमॅनिडने यकृतावर ताण येतो. हृदय, रक्त, डोळे, नसा, यकृत. एकटी नर्स हे सगळं बघूच शकत नाही, हे त्या कागदावरून मला पहिल्यांदा नीट कळलं.

औषध सुरू करण्याआधीच्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी होत्या. १६ जूनला मी बरोबर गेले. पहाटे साडेपाचची एसटी, ताईंना अर्धं तिकीट, नवऱ्याला पूर्ण. तपासण्या सगळ्या मोफत, पण त्या एकाच छताखाली असल्या तरी एका ठिकाणी नसतात. रक्त एकीकडे, ईसीजी दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रे मागच्या इमारतीत, एचआयव्हीचं समुपदेशन वेगळ्या खोलीत, गरोदरपणाची तपासणी आणखी कुठे. प्रत्येक खिडकीवर नवा केसपेपर आणि नव्याने तीच कहाणी. दुपारपर्यंत ताई भिंतीला टेकून बसल्या, मास्कच्या आत धाप लागलेली. नवरा म्हणाला, "मॅडम, आज एवढंच करू, बाकीचं पुढच्या महिन्यात." मी घाबरले, कारण तो पुढचा महिना कधी आलाच नसता.

तिथल्या टीबी समुपदेशक ताईंनी ते ओळखलं. त्यांनी ताईंना आपल्या खोलीबाहेरच्या हवेशीर बाकावर बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि फाइल घेऊन स्वतः दोन खिडक्यांवर जाऊन आल्या. नवऱ्याला बाजूला घेऊन त्यांनी फक्त त्याचंच ऐकून घेतलं. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतलीय, कोणाची, मुलं किती. मी तोपर्यंत त्याला हे विचारलंच नव्हतं. येणाऱ्या हंगामाची एक लाख उचल आधीच उचललेली होती आणि त्यातलं घरच्या दुरुस्तीत गेलंही होतं. या माणसाला बायकोच्या फुफ्फुसाइतकाच उचल देणारा मुकादमही छळत होता.

डोळ्यांची तपासणी माझ्या कायम लक्षात राहील. ताईंना अक्षरओळख नाही. रंगीत ठिपक्यांच्या पानावर आकडा ओळखायचा असतो, तो त्यांना येईना, आणि त्या लाजून "दिसत न्हाई" म्हणू लागल्या. मला वाटलं, झालं, आता डोळ्यांत दोष आहे असं लिहून जाईल. पण नेत्र चिकित्सा अधिकारी घाईत नव्हते. त्यांनी पुस्तकाच्या शेवटचं एक पान उघडलं, त्यात ठिपक्यांमधून एक वळणावळणाची वाट गेलेली असते. "ताई, या वाटेवरनं बोट फिरवा, डोंगरातनं घरी चाललात असं समजा." काळ्या पडलेल्या, उसाच्या पात्याने कापलेल्या बोटाने त्यांनी ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनचूक काढली. अहवालात 'रंगदृष्टी प्राकृत' असं आलं.

दोन टिपा इथेच देते. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स आधीच काढा, आमचे चाळीस रुपये गेले पण तीन चकरा वाचल्या. आणि एसटीची तिकिटं टाकू नका, प्रवासखर्चाच्या मागणीला ती लागतात.

पोटॅशियम थोडं कमी निघालं. ते भरून येईपर्यंत त्यांना दाखल ठेवलं, आणि २३ जून, सोमवारी पहिला डोस दिला गेला. पहिले दोन आठवडे रोज बेडाक्विलिनच्या चार गोळ्या आणि बाकी तिन्हींची एकेक, वर बी-सिक्स जीवनसत्त्वाची गोळी. मग ७ जुलैपासून बेडाक्विलिन आठवड्यातून तीनच दिवस, दोन-दोन गोळ्या. आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवले. भाकरी खाल्ल्यावरच गोळ्या, उपाशीपोटी नाही.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. सोमवारी आशाताई गेल्या, मंगळवारी मी, बुधवारी एसटीएस दादा. प्रत्येकाने ताईंना तेच प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला त्यांनी वेगळं उत्तर दिलं. मला म्हणाल्या उलटी होत नाही, आशाताईंना म्हणाल्या रोज होते. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पण त्यात 'डोस गिव्हन' आणि फोटो एवढंच पडायचं. सिस्टरांनी उपाय काढला. त्यांनी चाळीस पानांची एक साधी वही आणली, दहा रुपयांची, तिला भोक पाडून सुतळी ओवली आणि ताईंच्या दाराआडच्या खिळ्याला टांगली. जो कोणी घरी जाईल त्याने तारीख घालून लिहायचं, मराठीत, पूर्ण वाक्यात, संक्षेप चालणार नाहीत. "तुमचं क्यूटी-बिटी आशाला कळत न्हाई आन आशानं काय बघितलं ते तुमाला," त्या म्हणाल्या.

मी ती वही सुरुवातीला फार मनावर घेतली नव्हती. आता माझ्या मते या सहा महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी साधन तेच होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उलट्या वाढल्या. माझ्या कपाटात ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध होतं. मी दोन गोळ्या काढून कागदात बांधल्या. निघणार तेवढ्यात वही आठवली, कारण आशाताईंनी आदल्या दिवशी लिहिलं होतं, 'बाजाराच्या डॉक्टरने तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, पाकीट ठेवले आहे.' पाकिटाचा फोटो मी पीएचसीच्या फार्मासिस्ट सरांना पाठवला, खरं तर वेगळ्याच कारणासाठी, ताईंचा खर्च किती झाला ते बघायला. दोन मिनिटांत त्यांचा फोन. "यातली एकही देऊ नका. अॅझिथ्रोमायसिन आहे, ऑन्डान्सेट्रॉन आहे. बेडाक्विलिन आणि मॉक्सीवर हे दिलं तर क्यूटी आणखी लांबतं. ईसीजी कधी झाला?" माझ्या हातात तीच गोळी बांधलेली होती. मी ती पुडी टेबलावर ठेवली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ईसीजी झाला, क्यूटी थोडं वाढलेलं पण मर्यादेत. उलटीवर काय द्यायचं ते एमओ मॅडमनी डीआर-टीबी केंद्राच्या, म्हणजे अशा रुग्णांचे उपचार ठरवणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरांना विचारून ठरवलं, आणि मुख्य म्हणजे गोळ्यांची वेळ बदलली, सकाळच्या चहाऐवजी अकराच्या जेवणानंतर. फार्मासिस्ट सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'दुसरे कोणतेही औषध देण्याआधी मला फोन करा,' आणि खाली नंबर. औषधं वाटणारा माणूस खिडकीच्या आतच बसलेला असतो, त्याला रुग्णाची पूर्ण यादी कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा. पहिल्याच दिवशी.

घरच्यांच्या तपासण्या याच काळात झाल्या. नवरा, सासू आणि दोन मुलं, सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ. मुलांबाबत पुढचं काय ते जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवलं. सासूबाईंनी ताईंचं ताट-तांब्या वेगळा केला होता. तो वेगळेपणा मी समजावून सुटला नाही, सिस्टरांनी एक दिवस तिथेच बसून ताईंच्या ताटात जेवण केलं तेव्हा सुटला.

पैशाचं थोडक्यात सांगते. निक्षय पोषण योजनेत आता महिन्याला १,००० रुपये मिळतात, पहिले ३,००० निदानानंतर आणि पुढचे ८४ दिवसांनी. आमचे पहिले तीन हजार अडकले, कारण जनधन खातं केवायसीअभावी बंद पडलं होतं. बँकेत तीन खेपा, पावणेदोन महिने. खातं चालू आहे का हे निदानाच्या दिवशीच तपासा, पैसे आले नाहीत म्हणून नंतर धावू नका.

मग १९ ऑगस्ट आला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या आम्हा कंत्राटी कर्मचाऱ्यांचं राज्यभर कामबंद आंदोलन सुरू झालं. मीही त्यात होते. मागण्या माझ्याच पोटाच्या होत्या, आणि ताईंचा नववा आठवडा चालू होता. दोन्ही ओझी एकाच वेळी वाहिली मी. एसटीएस दादाही कंत्राटी, तेही बाहेर. आदल्या दिवशी संध्याकाळी मी सिस्टरांच्या घरी गेले. त्यांच्या ओट्यावर बसून सगळं समजावून सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "वही हाय ना? मग तुम्ही जावा. तुमी लढता ते आमच्या पोरींसाठीच हाय." त्या रात्री आमच्यातलं ते वर्षभराचं तुटलेपण संपलं.

३ सप्टेंबरला मी धरण्यावर बसलेली असताना सिस्टरांचा फोन आला. आशाताईंनी वहीत लागोपाठ तीन दिवस लिहिलं होतं. 'भाकरी अर्धी टाकली.' 'उंबरा चढताना थांबली.' 'बोलताना धाप, तोंड पांढरं.' एकेक नोंद वाचली तर काहीच वाटलं नसतं. सिस्टरांनी तिन्ही एकाखाली एक वाचल्या, ताईंना उजेडात आणलं, खालची पापणी ओढून बघितली. "मॅडम, पापणी कागदासारखी झालीय. नखं बी. मी बावीस वर्षं गरोदर बायांच्या पापण्या बघती, हे सातच्या आसपास हाय."

हिमोग्लोबिन ७.४ निघालं. सुरुवातीला ९.८ होतं.

मी धरण्यावरूनच एमओ मॅडमना फोन लावला. त्या एकट्या ओपीडी ओढत होत्या, तरी तासाभरात गाडी पाठवली. लिनेझोलिड रक्त खातं हे त्यांच्या त्या जूनच्या कागदावर होतंच. डीआर-टीबी केंद्राशी बोलून लिनेझोलिड थांबवलं, बाकीची तिन्ही चालू ठेवली. सिस्टर लोहाच्या गोळ्या द्यायला निघाल्या, तेव्हा फार्मासिस्ट सरांनी अडवलं. लोह आणि मॉक्सी एकत्र पोटात गेले तर मॉक्सी नीट शोषलं जात नाही. म्हणून टीबीच्या गोळ्या अकराला आणि लोहाची रात्री झोपताना, असं ठरलं. दोन आठवड्यांनी रक्त वर आलं, तेव्हा केंद्राने लिनेझोलिड ३०० मिलिग्रॅमवर परत सुरू केलं.

या प्रसंगावर मी खूप विचार केलाय. धाप आशाताईंना दिसली, पापणी सिस्टरांनी ओढली, कारण डॉक्टरांना माहीत होतं, लोहाची वेळ फार्मासिस्टला. चौघांतल्या एकालाही बाकीच्या तिघांचं येत नव्हतं. आणि मी, जिच्या नावावर हा रुग्ण होता, ती तिथे नव्हते. मी नसताना ते सगळं घडलं याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर त्याचाच सगळ्यात मोठा आधार वाटला.

मी कामावर परतले त्याच सुमारास मराठवाड्यावर तो पाऊस कोसळला. ओढ्याला पूर, वस्तीचा रस्ता दोन दिवस बंद. पण आदल्या दिवशी अंदाज बघून सिस्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या वस्तीवरच्या अंगणवाडीताईंकडे देऊन ठेवल्या होत्या. वहीत त्या दोन दिवसांची अक्षरं अंगणवाडीताईंची आहेत, वळणदार, शाळेच्या फळ्यासारखी.

ऑक्टोबरात पायाला मुंग्या यायला लागल्या. पीएचसीत कापूस आणि ट्यूनिंग फोर्कने तपासलं, सौम्य होतं, लिनेझोलिड आधीच कमी केलेलं, त्यामुळे नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. बेडक्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, दुसऱ्या महिन्यापासूनच निगेटिव्ह येत होतं, त्यामुळे धीर होता.

खरी कसोटी दिवाळीनंतर. वस्तीवर ट्रॅक्टर लागले, भांडी-कुंडी भरली जाऊ लागली, आणि मुकादम दारात. कोयता म्हणजे जोडी, बाई नसेल तर अर्धा कोयता, आणि उचल तर पूर्ण कोयत्याची. ताई स्वतःच म्हणू लागल्या, "मला आता बरं वाटतंय, जाते, गोळ्या बरोबर द्या." आम्ही बसलो, एमओ मॅडम, सिस्टर, मी, सरपंच, मुकादम आणि नवरा. निक्षयवर रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो, ते मी सांगितलं. पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं की ईसीजी आणि रक्त दर महिन्याला लागतंय, फडात पहाटे चारला उठून मोळ्या वाहणाऱ्या बाईचं ते होणार नाही, आणि हे औषध अर्धवट सुटलं तर पुढच्या वेळी देण्यासारखं फार थोडं उरतं. मुकादम बराच वेळ गप्प होता. मग त्याने आजीला, म्हणजे सासूबाईंना विचारलं, "म्हातारे, तुझा पुतण्या मोकळा हाय का?" नवरा चुलतभावाबरोबर जोडीने गेला. उचलीचा काही भाग पुढच्या वर्षावर गेला. हा काही न्यायाचा तोडगा नाही, कर्ज तसंच मानेवर आहे, पण त्या दिवशी तेवढंच हाती होतं. मुकादमाला 'समजवायला' जाऊ नका, आधी त्याचा हिशोब ऐका, हे मी त्या समुपदेशक ताईंकडून शिकले होते.

नोव्हेंबरात माहेरच्या लग्नात तीन दिवस डोस चुकले. ताईंनी लपवलं नाही, परत आल्यावर आशाताईंना वहीत लिहायला लावलं. ते तीन दिवस शेवटी वाढवले. शेवटचा डोस २५ डिसेंबर २०२५, गुरुवार. वजन ४३ किलो.

शेवटच्या डोसला काही कार्यक्रम वगैरे केला नाही. सिस्टर, आशाताई आणि मी होतो, आजींनी गूळ-शेंगदाणे दिले. शेवटचं कल्चर तेव्हा यायचं होतं, ते जानेवारीत निगेटिव्ह आलं. त्या दिवशी मी फोन केले ते या क्रमाने: लॅबचे सर, फार्मासिस्ट सर, समुपदेशक ताई, नेत्र चिकित्सा अधिकारी. शेवटचे दोघं म्हणाले की बरा झालेला रुग्ण त्यांना कोणी कळवत नाही. हेही करा. पाच मिनिटं लागतात.

त्या नव्या सीएचओ मुलीने फोनवर विचारलं होतं, सुरुवात कुठून करू. मी तिला म्हणाले, आज संध्याकाळी तुझ्या सिस्टरांच्या घरी जा आणि त्यांना विचार, या घराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. टॅब घेऊन जाऊ नकोस.

वही अजून खिळ्यावरच आहे, कारण पुढची दोन वर्षं पाठपुरावा आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर सहा-सहा महिन्यांच्या चार तारखा घातल्यात, पहिली जून २०२६ ची. तिच्याखाली आशाताईंनी नवऱ्याचं नाव लिहिलंय आणि पुढे 'पट्टा पडल्यावर एक्स-रे.' ताई पुढच्या हंगामात जाणार का, ते अजून ठरलेलं नाही. एमओ मॅडम म्हणाल्या, जूनचा अहवाल बघून बोलू. ती डबी मी आत्ताच नाव लिहून कपाटात ठेवलीय, अंगावर, झाकणावर नाही.